नटावरची लाल रेघ

माझ्या मोठ्या साडूंनी उभ्या आयुष्यात एकच गोष्ट पास केली आहे, आणि ती म्हणजे माझ्या गाडीची पुढची डावी सीट. बाकी सगळं रिजेक्ट. माझी मास्तरकी रिजेक्ट, मुलुंडचा माझा फ्लॅट रिजेक्ट, माझ्या बायकोच्या चकल्या, माझ्या मुलीचं अक्षर, आमच्या सोसायटीची लिफ्ट, आमच्या नळाचं पाणी, सगळं त्यांनी वेळोवेळी तपासून बाजूला काढून ठेवलेलं आहे. आणि या ढिगाच्या अगदी वर गेली बावीस वर्षं मी स्वतः बसलो आहे. हे मी गमतीने सांगतोय असं कोणी समजू नये. मला राग आलेला आहे. बावीस वर्षांचा असल्यामुळे तो आता जरा मुरलाय, इतकंच.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बायको त्यांना भाऊजी म्हणते, म्हणून मीही भाऊजीच म्हणतो. मूळचे मालवणकडचे. वडील गिरणीत होते. हे विक्रोळीच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला लागले आणि छत्तीस वर्षांनी तिथूनच निवृत्त झाले. म्हणजे कारखान्याच्या मते निवृत्त झाले. त्यांच्या स्वतःच्या मते तपासायला आता कारखान्याऐवजी उरलेलं जग आलं, एवढाच फरक. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी जाडी मोजायचं व्हर्निअर, पँटच्या खिशात सहा इंची स्टीलची पट्टी, आणि या दोन्हींपेक्षा धारदार हत्यार म्हणजे त्यांचा कान. कारखान्याच्या फाटकातून आत शिरता शिरता कुठल्या शेडमधल्या कुठल्या मशीनचं बेअरिंग जाणार आहे ते भाऊजी सांगत, असं त्यांच्याबरोबरची माणसं अजून सांगतात. मी यावर कधीच विश्वास ठेवला नसता. पण लग्न ठरवायला मुलीकडची मंडळी आमच्या घरी आली, तेव्हा सगळे माझ्या नोकरीची आणि पत्रिकेची चौकशी करत असताना हे गृहस्थ छताकडे बघत बसले होते, आणि अचानक माझ्या वडिलांना म्हणाले, "पंखा कधीपासून असा ओरडतोय?" वडील म्हणाले, आमचा पंखा ओरडत नाही. भाऊजी म्हणाले, "चार दिवस." चौथ्या दिवशी पंखा बंद पडला. माझ्याबद्दल काय मत झालं असं सासऱ्यांनी घरी गेल्यावर विचारलं, तेव्हा म्हणाले म्हणे, "सँपल बरं आहे, पण एका सँपलवरून लॉट पास करता येत नाही." तो लॉट अजून पास झालेला नाही.

आमच्या फ्लॅटची वास्तुशांत चालली होती. गुरुजी मंत्र म्हणत होते, मी आणि बायको पाटावर बसलो होतो, आणि भाऊजींनी खिशातून एक गोटी काढून हॉलच्या मधोमध ठेवली. गोटी जराशी थांबली, मग हळूहळू निघाली आणि होमकुंडाला वळसा घालून, सगळ्या पाहुण्यांच्या देखत, थेट स्वयंपाकघरात गेली. "उतार आहे," भाऊजी म्हणाले. बास. अभिनंदन नाही, घर छान आहे नाही. तेव्हापासून मला रात्रंदिवस आपण घसरत असल्यासारखं वाटतं. दिवाळीला चकलीला व्हर्निअर लावून, "तिसऱ्या वेढ्याला जाडी कमी झाली, हात थकला होता काय गं?" असं माझ्या बायकोला विचारणारा हाच माणूस. वर त्याच चकल्या अकरा खाल्ल्या. का, तर रिजेक्ट माल बाहेर जाऊ द्यायचा नसतो.

पण माझ्या डोक्यात जाणारी खरी सवय ती लाल रेघेची. भाऊजींनी एखादा नट आवळला, की त्याच्या डोक्यावरून खालच्या भागापर्यंत लाल रंगाची एक बारीक सरळ रेघ ओढतात. नट पुढेमागे केसभर जरी फिरला, तरी रेघ तुटते आणि कळतं. कारखान्यात याला रंग मिळायचा. घरी ताईंचं नेलपॉलिश मिळतं. ताई म्हणजे माझी थोरली मेव्हणी. त्या बिचाऱ्या दर वर्षी एक बाटली घेतात आणि त्यांच्या नखांना आजवर त्यातला एक थेंब लागलेला नाही. त्यांच्या घरात कुकरच्या मुठीवर लाल रेघ आहे, पंख्यांवर आहे, शिलाई मशीनवर आहे, सासूबाईंच्या वॉकरला चार आहेत. एकदा मी मदत म्हणून ब्रश हातात घेतला, तर अंगावर आले. "मेल्या, ठेव तो खाली! ज्यानं तपासलं त्यानंच खूण करायची. दुसऱ्याच्या कामावर आपली खूण मारतात काय?" मी मुलांना इतिहास शिकवतो. नेलपॉलिशच्या ब्रशवरून माझा इतका अपमान शाळेतल्या कुठल्याही हेडमास्तरांनी केलेला नाही.

अलीकडे त्यात एक नवीनच तऱ्हा सुरू झाली होती. मी काहीही बोललो, की भाऊजी माझ्याकडे रोखून बघत म्हणायचे, "काय?" मग मी तेच वाक्य पुन्हा बोलायचं, मग ते उत्तर देणार. मी काय ते ओळखलं. इन्स्पेक्शनमध्ये कुठलंही माप दोनदा घेतात, एका रिडिंगवर भरवसा ठेवत नाहीत, हे त्यांनीच मला शंभर वेळा ऐकवलं होतं. म्हणजे आता माझ्या बोलण्याचीही दोन रिडिंग! घरी आल्यावर मी बायकोपुढे यावर तासभर फणफणलो. "हा काय उद्धटपणा आहे? मी काय नटबोल्ट आहे?" बायको म्हणाली, "वय झालंय त्यांचं, सोड ना." मी सोडलं नाही.

गेल्या वर्षी आमची गाडी पंधरा वर्षांची झाली. पंधरा वर्षं झाली की गाडी आरटीओत नेऊन दाखवायची, ती तपासणीत उतरली तर पुढची पाच वर्षं आपली, नाही उतरली तर भंगार. एरवी मी भंगारात दिलीही असती. पण सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्या आमच्याकडे असतात, आणि त्यांना आठवड्यातून दोनदा व्यायामाला घाटकोपरला न्यावं लागतं. रिक्षाची पायरी त्यांना चढवत नाही. नव्या उंच गाड्यांत चढवत नाही आणि बुटक्या गाड्यांतून उठवत नाही. जगात एकच सीट अशी आहे जिच्यावर त्या कोणाचाही हात न धरता मागे सरकून बसतात आणि म्हणतात, "चला." भाऊजींनी पट्टी लावून तिची उंची मोजली होती, दोनदा, आणि तो ऐतिहासिक शब्द उच्चारला होता. तेव्हा ही गाडी गेली असती, तर सासूबाईंचं घराबाहेर पडणंच गेलं असतं.

आणि नेमकी तपासणीच्या महिनाभर आधी गाडी टक टक टक करायला लागली. सकाळी सुरू केली की जोरात, तापली की कमी. आत जळका वासही यायचा. आमच्या कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने बॉनेट न उघडताच सांगितलं, सायलेन्सर गेला, सगळा बदला. मी गाडी विक्रोळीला भाऊजींच्या कंपाउंडमध्ये नेली. त्यांनी बॉनेट उघडलं, खाली वाकले, इंजिनाच्या कडेला बोट फिरवलं आणि काळं झालेलं बोट माझ्या नाकासमोर धरलं.

"काजळी बघ. मॅनिफोल्डचं गॅस्केट गेलंय. इंजिनातून जळका धूर बाहेर पडतो ना, त्या सांध्यात असतं ते. फट पडली की टक टक करणारच. सायलेन्सर बदल म्हणाला? त्याला सांग, आधी डोळे बदल."

"दुकानात तयार मिळत असेल ना? मी आणतो."

"काय?"

मी दुसरं रिडिंग दिलं.

"तयार?" भाऊजी इतक्या जोरात ओरडले, की पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून ताई डोकावल्या. "मी जिवंत असताना तयार गॅस्केट?"

तिथून आमचा वनवास सुरू झाला. पहिल्या रविवारी भाऊजींनी आठ नटांवर आठ थेंब तेल सोडलं आणि गाडी परत दिली. म्हणाले, मुरू दे. मी मुलुंडहून आठ थेंबांसाठी आलो होतो. दुसऱ्या रविवारी सात नट निघाले आणि आठवा गंजलेला नट निघेना, तर त्याला गरम करून, थंड करून, हळूच ठोकून, मालवणीत शिव्या घालून आणि मग त्याच मालवणीत समजूत घालून तो संध्याकाळी सहाला काढला. गाडी तिथेच उघडी राहिली. पुढचे दोन आठवडे सासूबाई घाटकोपरला गेल्या नाहीत, खिडकीशी बसून राहिल्या, आणि माझं डोकं आणखी तापलं. तिसऱ्या रविवारी गॅस्केट तयार झालं. हे मात्र मी डोळ्यांनी पाहिलंय. धूर वाहून नेणारा तो लोखंडी मॅनिफोल्ड उलटा धरून त्याच्या तोंडावर त्यांनी पत्र्याचं अस्तर असलेला शीट ठेवला, आणि गोल डोक्याच्या हातोडीने कडेकडेने टिचक्या मारत गेले. कात्री नाही, पेन्सिल नाही. टिक टिक टिक टिक, आणि खालच्या भोकाच्या कडेने शीट आपोआप कापला जाऊन गोल चकत्या पडत गेल्या. चार तास. दुपारी जेवायला हाका मारून ताईंचा घसा बसला, तरी यांनी वर बघितलं नाही. मला वाटलं, केवढा हा तोरा. जेवणानंतर टीव्ही लावला तो असा, की समोरच्या बिल्डिंगने बातम्या ऐकल्या असतील.

चौथ्या रविवारी गॅस्केट बसलं. नट मधूनच आवळायला घ्यायचे, मग एकदा डावीकडे एकदा उजवीकडे, तीन फेऱ्यांत, वगैरे सगळं प्रवचन मला ऐकवून झालं. आठही नटांवर लाल रेघा निघाल्या, एकसारख्या. बुधवारी आरटीओची तारीख होती. भाऊजी म्हणाले, "सुरू कर." मी किल्ली फिरवली. ते रबराच्या नळीचं एक टोक कानाला लावून दुसरं सांध्यावरून फिरवत गेले, या कडेपासून त्या कडेपर्यंत. मग ताठ उभे राहिले आणि एक अशी गोष्ट केली, जी त्यांनी बावीस वर्षांत केली नव्हती. मला विचारलं.

"गेला ना आवाज?"

आवाज गेला नव्हता. खूप कमी झाला होता, पण अगदी मागच्या कोपऱ्यातून येत होता, बारीक, टक टक टक. मला स्टिअरिंगवर बसून येत होता. आता खरं म्हणजे मी बॉनेटसमोर उभं राहून, खणखणीत आवाजात, दोनदा, "रिजेक्ट!" असं ओरडायला हवं होतं. बावीस वर्षांनी संधी चालून आली होती. त्यांच्या कपाळाला काजळी लागली होती आणि हातात अजून नळी होती. मी म्हणालो, "गेला. एकदम पास."

"तीन-चार वेळा तापून थंड झाली की नट जरा सैल होतात," भाऊजी खुशीत म्हणाले. "पुढच्या रविवारी आण, परत एक हात मारू."

सोमवारी सकाळी थंड गाडी सुरू केली तर टक टक थेट तिसऱ्या मजल्यापर्यंत गेली. बुधवारी तपासणी. भाऊजींना फोन करायला हातात मोबाइल घेतला, पण सांगणार काय? तुम्हाला आला नाही तो आवाज मला येतोय? मी चिडलो. स्वतःवर, त्यांच्यावर, त्या चार रविवारांवर. आणि शाळेतून निघून गाडी गुपचूप भांडुपच्या एका गॅरेजात नेली. तिथला मेकॅनिक पन्नाशीचा, शांत माणूस. त्याने गाडी थंड होऊ दिली, टॉर्च मारून सांध्यात बघितलं आणि बघतच राहिला.

"साहेब, हे गॅस्केट कोणी बनवलं? हाताने ठोकून काढलंय हे. मार्केटचा माल नाय."

"माझ्या साडूंनी. बदलून टाका."

"येडे झालात काय? असं कोण बनवतंय आता? काम एक नंबर आहे. मागचा एक नट सैल पडलाय फक्त. कानाला कळलं असतं त्यांच्या." त्याने पान्याला पाव फेरा दिला, मला गाडी सुरू करायला सांगितली. आवाज बंद. "आणि ही लाल लाल काय भानगड आहे? लिपस्टिक?" मी नेलपॉलिशची गोष्ट सांगितली आणि आम्ही दोघंही मनसोक्त हसलो. तिथेच माझी अक्कल शेण खायला गेली होती. मी बावीस वर्षं त्या रेघांवर चिडतोय, त्या कशासाठी असतात ते मला तोंडपाठ आहे, आणि तरीही मी हसत हसत बॉनेट बंद केलं.

बुधवारी गाडी पास झाली. गुरुवारी सासूबाई मागे सरकून बसल्या आणि "चला" म्हणाल्या. मला स्वतःच्या हुशारीचा इतका आनंद झाला, की रविवारी कबूल केल्याप्रमाणे गाडी विक्रोळीला नेली. भाऊजी पाना घेऊन तयारच होते. बॉनेट उघडलं, वाकले. पहिल्या नटाला पाना लावला, दुसऱ्याला लावला. आठव्यापाशी थांबले. पाना लावलाच नाही. चष्मा काढून शर्टाला पुसला, पुन्हा लावला, पुन्हा वाकले. तेव्हा मला ते दिसलं. बाकी सगळ्या रेघा सरळ होत्या. आठव्या नटावरची रेघ तुटून पाव फेरा बाजूला गेली होती.

"कोणी आवळला?"

मी बॉनेटची दांडी सरळ करायला लागलो.

"आवाज येत होता?"

"थोडासा," मी म्हणालो. "मागच्या कोपऱ्यातून."

या वेळी त्यांनी "काय?" म्हटलं नाही. माझ्या ओठांकडे बघत होते. मला वाटलं आता फुटणार, मेल्या म्हणून अंगावर येणार, आणि खरं सांगतो, मला तेच हवं होतं. ते गाडीच्या कडेला टेकले.

"माका आयकाक इलो नाय रे," हळूच म्हणाले. मग पुन्हा, स्वतःशीच, "इलोच नाय."

मी तिथे उभा होतो आणि एकेक गोष्ट माझ्या टाळक्यात शिरत होती. दोन रिडिंग. टीव्ही. ताईंचा बसलेला घसा. पहिल्या दिवशी त्यांनी इंजिनाला नळी लावलीच नव्हती, बोटाने काजळी बघितली होती, आणि मला वाटलं होतं काय रुबाब आहे. महिनोन् महिने मी घरी बसून त्यांच्या उद्धटपणावर भाषणं केली. ज्या माणसाने आमच्या घरच्या पंख्याचं मरण चार दिवस आधी ऐकलं, त्याला आता मी हाक मारलेली कळत नव्हती, आणि हे मला, रोज चाळीस पोरांची कुजबुज ऐकून पकडणाऱ्या मास्तराला, समजलं नव्हतं. राग कोणावर काढायचा ते मला कळेना.

ताई चहा घेऊन खाली आल्या. भाऊजींनी खुणेनंच त्यांच्याकडून वरून नेलपॉलिशची बाटली मागवली. फडक्याने आठव्या नटावरची तुटकी रेघ नीट पुसून काढली. मग ब्रश माझ्यापुढे धरला.

"तू मार."

"मी? नको हो भाऊजी. नट तर भांडुपच्या माणसानं आवळलाय."

"आवळला कोणी ते नको सांगू. ऐकलं कोणी? ज्यानं तपासलं त्यानं खूण करायची. तू ऐकलंस ना? मग मार."

मी वाकलो. मागचा कोपरा अवघड आहे, हात नीट पोचत नाही. रेघ वाकडी आली. नुसती वाकडी नाही, शेवटी तिला शेपूट फुटलं. शेजारच्या सात रेघांपुढे ती अगदी माझ्यासारखीच दिसत होती. भाऊजी वाकले. खिशाकडे हात गेला नाही. व्हर्निअर नाही, पट्टी नाही. बराच वेळ बघून म्हणाले, "पास."

ही दुसरी गोष्ट मी मोजत नाही. म्हणून सुरुवातीला एकच म्हणालो. बावीस वर्षं ज्या शब्दासाठी मी जळलो, तो असा मिळणार असेल तर मला नको आहे. आता त्यांच्या कानात यंत्र आहे, ताईंनी आणि माझ्या बायकोने मिळून बसवायला लावलंय, आणि ते त्यांनी पहिल्याच दिवशी रिजेक्ट करून टेबलाच्या खणात ठेवलंय. मिक्सर नीट फिरतोय का, पंपाचा आवाज कसा येतोय, हे विचारायला रविवारी मला बोलावतात. मी ऐकतो, मोठ्याने सांगतो, दोनदा सांगतो. आणि निघताना काहीतरी निमित्त काढून त्यांच्यासमोर गाडीचं बॉनेट उघडतो. ते वाकून आठही नट बघतात. ती वाकडी रेघ तशीच आहे, मी ती मुद्दाम नीट केलेली नाही. एखाद्या रविवारी ते ताठ उभे राहतील आणि अख्ख्या कंपाउंडला ऐकू जाईल असं ओरडतील, "मेल्या, ह्या काय केलंस?" म्हणून मी वाट बघतोय. अजून तरी ते "पास" म्हणतात, आणि बॉनेट हलक्या हाताने बंद करतात.